चीडचे वणवे, वाळलेले स्प्रूस आणि आपला सातपुडा

गोमाईकाठ (शहादा)

राम राम मंडळी. विषय हिमालयातला आहे, पण मला तो सातपुड्याशी जोडून मांडायचा आहे.

भाचा अल्मोड्याला नोकरीला असल्यामुळे उत्तराखंडातल्या कुमाऊंचे डोंगर जवळून बघता आले. काठगोदाम सोडून घाट चढायला लागलं की चीड सुरू होतो. झाड उंच, सरळ, देखणं. खाली मात्र त्याच्या सुईसारख्या पानांचा तपकिरी थर पसरलेला. त्याला तिथे पिरुल म्हणतात. चालताना पाय घसरतो. गवत जेमतेम, झुडुपं तुरळक. पानं गळतात ती नेमकी उन्हाळ्याच्या तोंडाशी आणि त्यांत राळ असते, त्यामुळे एक पेटती विडी पुरते. जून २०२४ मध्ये बिनसर अभयारण्यात आग विझवायला गेलेले चार वनकर्मचारी जागीच होरपळून मेले. त्याआधीच्या जानेवारीत वायव्य भारतात पाऊस आणि बर्फ जवळजवळ पडलंच नव्हतं. हिवाळ्यात बर्फ पडलं तर जमिनीत उन्हाळ्यापर्यंत ओल टिकते. ते पडलं नाही की फेब्रुवारीतच डोंगर पेटायला तयार होतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. डोंगरावरचं जंगल एका जातीचं करून ठेवलं आणि तिथल्या माणसाला त्यातून बाहेर काढलं, की हवामान बिघडल्यावर पहिला घाव तिथेच बसतो. कुमाऊंत ते झालं. आपल्याकडे तोरणमाळ, यावल, अनेर या भागात अजून वेळ आहे. जाणकारांनी लिहावं. विशेषतः वनखात्यात काम केलेल्यांनी आणि डोंगरात राहणाऱ्यांनी.

तापीतीर (प्रकाशा)

दादा, चीड म्हणजे पाइनच ना? आपल्याकडे शाळेच्या आवारात सुरूची झाडं असतात, ती त्याच कुळातली का?

हिमगौरी (मूळ अमळनेर, सध्या डेहराडून)

तापीतीर, सुरूचा पाइनशी काही संबंध नाही. सुरूला फुलं येतात. त्याच्या ज्या सुया दिसतात त्या खरं तर बारीक हिरव्या डहाळ्या असतात, आणि फळ शंकूसारखं दिसतं म्हणून गैरसमज होतो. खरे सूचिपर्णी वृक्ष महाराष्ट्राच्या जंगलात मुळात नाहीतच. सगळ्या दक्षिण भारतात मूळची एकच जात आहे, तीही पार खाली दक्षिणेकडच्या घाटात.

हिमालयात उंचीप्रमाणे पट्टे पडतात. साधारण ५०० ते २००० मीटरपर्यंत चीड. त्याच्या वर कैल आणि देवदार, आणखी वर मोरिंडा आणि रई म्हणजे फर आणि स्प्रूस, आणि झाडं संपतात तिथे भोजपत्र. चीडच्या वरच्या अंगाला, देवदाराच्या खाली बांजचा पट्टा. बांज म्हणजे ओक. रुंद पानाचा, सावलीचा, गुरांना चारा देणारा. त्याच्या पाचोळ्याची काळी माती होते आणि ती पाणी धरून ठेवते, म्हणून पहाडी बायकांचा जीव बांजमध्ये अडकलेला असतो. चारा, सरपण, पाण्याचा नौला (दगडांनी बांधून घेतलेला झरा), सगळं त्याच्या आसऱ्याला.

आता चीड वर सरकतो आहे आणि बांज आक्रसतो आहे. चीडला ऊन लागतं, उघडी जमीन लागते, बी पंखाचं असतं, वाऱ्यावर जातं. साल जाड, जमिनीवरची आग तो सोसतो. बांजचं रोप त्याच आगीत मरतं. दरवर्षी आग लागली की दरवर्षी चीड एक पाऊल पुढे टाकतो. गोमाईकाठ दादा, त्यामुळे तुमच्या वाक्यात मी थोडी भर घालते. चीड हा मुळात तिथलाच, बाहेरून आणलेला नाही. त्याला एवढं मोकळं रान कसं मिळालं, हे बघायला हवं.

त्यासाठी मागे जावं लागतं. रेल्वेच्या स्लीपरसाठी आधी देवदार तुटला. मग चीडच्या लाकडाला आणि राळेला बाजार मिळाला. १९११ ते १९१७ या काळात कुमाऊंतली मोठी जंगलं सरकारने राखीव केली. गावकऱ्यांचे चराईचे, फांद्या छाटायचे हक्क कमी झाले. १९२१ मध्ये लोकांनी चीडची राखीव जंगलं पेटवली. आणि मग १९३१ मध्ये वन पंचायतींचे नियम आले. आज उत्तराखंडात अशा ११ हजारांहून जास्त वन पंचायती आहेत. गावाने निवडलेले पंच, ठरलेली हद्द, कुणी किती गवत कापायचं याचे नियम. जिथे पंचायत जागी आहे तिथलं बांज अजून उभं आहे, हे मी फिरून पाहिलेलं सांगते.

भुसावळ_जंक्शन

चांगला धागा. मी कामानिमित्त जर्मनीत राहतो, हार्झ डोंगरापासून फार लांब नाही. तिथलं चित्र बघून मन विषण्ण होतं. मैलोन् मैल उभी वाळलेली झाडं. करडी, साल गळालेली.

ते सगळं स्प्रूस होतं. मूळचं जंगल खालच्या उतारांवर बीचचं. खाणींना लाकूड हवं म्हणून जुन्या काळी स्प्रूस लावला, दुसऱ्या महायुद्धानंतर तोडलेल्या जागी पुन्हा स्प्रूसच. सरळ वाढतो, लवकर विकला जातो. एकाच वयाचा, एकाच जातीचा डोंगर. २०१८ पासून तीन वर्षं लागोपाठ कोरडी गेली आणि सालीखाली राहणारा भुंगेरा सुटला.

हे कसं घडतं ते समजून घेण्यासारखं आहे. भुंगेरा साल पोखरायला लागला की निरोगी झाड त्या भोकातून राळ सोडतं आणि किडा त्यात बुडून मरतो. राळ दाबाने बाहेर यायला झाडात पाणी हवं. स्प्रूसची मुळं उथळ, दुष्काळात तो आधी कोरडा पडतो. राळ नाही म्हणजे हत्यारच नाही. शिवाय उन्हाळा लांबला की किड्याची वर्षाला एक पिढी जास्त निघते. जर्मनीत त्या काही वर्षांत सुमारे ५ लाख हेक्टर जंगल गेलं. आपला अख्खा नंदुरबार जिल्हा साधारण तेवढाच आहे.

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात याहून मोठं झालं. तिथला पाइनवरचा भुंगेरा कडाक्याच्या थंडीत, उणे ३५-४० अंशांत मरायचा. तशी थंडी पडेनाशी झाली. वर कित्येक दशकं प्रत्येक आग विझवल्यामुळे सगळीकडे म्हातारा पाइनच उभा. १ कोटी ८० लाख हेक्टरांवर त्याचा फटका बसला, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून जास्त क्षेत्र. आता तिथे रोपं लावताना बी जवळच्या जंगलाचं घेण्याऐवजी पुढे जे हवामान येणार त्याला जुळणाऱ्या भागातून घेतात, म्हणजे सहसा दक्षिणेकडून किंवा खालच्या उंचीवरून.

हार्झच्या राष्ट्रीय उद्यानात मेलेली झाडं बऱ्याच ठिकाणी तशीच ठेवली आहेत. त्यांच्या आडोशाला रोवन, बर्च ही झाडं आपोआप येताहेत. स्थानिक लोकांचं यावर दुमत आहे. पण कोवळी हिरवळ दिसते हे खरं.

निवृत्त_वनपाल (शिरपूर)

नमस्कार. नोकरी सगळी सातपुड्यात गेली, म्हणून लिहितो.

भुसावळकरांनी किड्याचं लिहिलं ते वाचून १९९० च्या दशकाच्या शेवटी मध्य प्रदेशात साल वृक्षांवर आलेली बोररची, म्हणजे खोड पोखरणाऱ्या किड्याची, साथ आठवली. मंडला-दिंडोरीकडे लाखो झाडं तोडावी लागली. तेही एकाच जातीचं दाट जंगल. म्हणजे हे पाइनपुरतं नाही.

आपल्याकडे चीडच्या जागी साग धरा. सागाची साल जाड, आग सोसतो, जळाला तरी बुंध्यापासून फुटवा देतो. पान मोठं, फेब्रुवारीपर्यंत खाली पाचोळ्याचा ढीग. दरवर्षी वणवा गेला की चारोळी, धावडा, अंजन यांची कोवळी रोपं मरतात आणि साग तेवढा उरतो. त्यात आपण रोपवनंही सागाचीच केली. निव्वळ सागाखाली जमीन उघडी पडते, मोठ्या पानावरून पावसाचे टपोरे थेंब पडतात, माती वाहून जाते. उताराला हे फार वाईट. पावसाळ्याअखेर सागाची पानं किड्याने जाळीसारखी झालेली सगळ्यांनी पाहिली असतील. मिश्र जंगलात तेवढी झळ बसत नाही.

खानदेशाचं खरं वैभव अंजन आहे. उथळ मुरमाड जमीन, मेचं ऊन, खाली काळा कातळ, आणि तरी झाड हिरवं. सोटमूळ फटीत घुसतं. चाऱ्याला पाला, लाकूड लोखंडासारखं. त्याचं बी दरवर्षी सारखं येत नाही, काही वर्षांतून एकदा भरपूर येतं. त्या वर्षी रोपांचा सडा पडतो आणि पुढच्या उन्हाळ्यात चराई आणि आगीमुळे बहुतेक मरतात. माझं म्हणणं, ज्या वर्षी अंजनाचं बी येतं त्याच्या पुढची तीन-चार वर्षं ती जागा जिवापाड राखावी. लाख रोपं नर्सरीत वाढवण्यापेक्षा हे जास्त फळतं.

आगीबद्दल: जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून आधीच जाळून मोकळा ठेवलेला पट्टा, जानेवारीत, दव असताना, पहाटे जाळून घ्यायलाच हवी. आणि मोहाखालचा पाचोळा पेटवून निघून जाणाऱ्यांवर कडक कारवाई हवी. वणव्यांचं मोठं कारण तेच आहे.

अक्राणीकर (धडगाव)

नाना, तुमचा अनुभव मोठा आहे, मान राखून लिहितो. मोहाचं तुम्ही म्हणता ते निम्मं आहे.

मार्चमध्ये मोहफूल पहाटे गळतं. पाचोळ्यात पडलेलं फूल वेचता येत नाही, म्हणून झाडाखाली साफ करतात, कुणी झाडून, कुणी पेटवून. पूर्वीही पेटवायचे. पण तेव्हा गावात माणूस असायचा. आग बाहेर पळाली तर दहा जण फांद्या घेऊन धावायचे. आता दिवाळी झाली की निम्मा पाडा गुजरातला ऊसतोडीला, बांधकामाला जातो. होळीला येतात आणि पुन्हा जातात. फेब्रुवारी ते मे घरी म्हातारी माणसं आणि लेकरं. आग लागली तर विझवणार कोण? ज्यांच्यावर कारवाई म्हणता, त्यातल्या कित्येकांच्या घरी तेव्हा विझवणारा हातच नसतो.

आमच्या पाड्यांत सामूहिक वनहक्क मिळाल्यावर ग्रामसभेने ठरवलं. मोहाखाली पेटवायचं नाही, पाचोळा खराट्याने गोळा करून शेतात टाकायचा. काही जणांनी झाडाखाली जाळी बांधायला सुरुवात केली आहे. फूल जाळीत पडतं, मातीला लागत नाही, स्वच्छ राहतं, भावही बरा मिळतो. आणि डोंगराचं गवत दिवाळीनंतर कापून न्यायचं. उभं वाळलेलं कुसळीचं गवत हेच वणव्याचं तेल आहे. ते कापलं की आग गुडघ्याच्या वर येत नाही.

नाना, जाळरेषेला माझा विरोध नाही. ती कुठून काढायची हे ठरवताना गावातल्या माणसाला विचारा एवढंच. वारा कोणत्या घळीतून चढतो ते त्याला माहीत असतं.

हिमगौरी

अक्राणीकर दादा, तुम्ही लिहिलंत ते वाचून अंगावर काटा आला. पहाडात हुबेहूब हेच आहे. तिथे त्याला पलायन म्हणतात. गावंच्या गावं रिकामी झाली. पायऱ्यांची शेतं पडीक पडली आणि त्यांत चीड उगवला. म्हणजे जंगलाची आग आता थेट घराच्या ओट्यापर्यंत येते, कारण मधला ओल्या शेताचा पट्टाच गेला. वन पंचायत कागदावर असते, पंच खाली हल्द्वानी शहरात राहतात.

पिरुल गोळा करायला लोकांना पैसे द्यायचे, त्याच्या विटा करून जाळायच्या, असे प्रयत्न चालू आहेत. पिथौरागढ जिल्ह्यात बेरीनागकडे पिरुलपासून वायू करून वीज तयार करतात. मला ही कामं मोलाची वाटतात. पण उतारावरून पिरुल पाठीवर वाहून आणणाऱ्या बाईच्या श्रमाला पुरेसं मोल मिळालं नाही तर कुणी जाणार नाही, हेही तितकंच खरं.

आणखी एक. चीडची राळ काढताना पूर्वी खोडाला खोल खाचा पाडायचे. त्या जखमेत राळ साठते, जमिनीवरची आग तिथे पोचली की झाडच मशालीसारखं पेटतं. आता वरवर बारीक चरे पाडायची पद्धत आहे, तिच्यात जखम कमी होते. सातपुड्यात सालईचा डिंक काढताना हेच लक्षात ठेवायला हवं.

तापीतीर

एक सुचवू का? तोरणमाळ थंड हवेचं ठिकाण आहे, उंची ११५० मीटरच्या आसपास. तिथे यशवंत तलावाभोवती चीड लावले तर पर्यटन वाढेल. ताईंनी दिलेल्या उंचीत ते बसतंय.

हिमगौरी

उंचीत बसतंय, म्हणूनच भीती वाटते. जगला तर काय होईल याचा विचार करा. त्याचा पाला गुरं खात नाहीत. सुया पडल्या की खालचं गवत दबतं. आणि एप्रिल-मेमध्ये सातपुड्याच्या उन्हात तो थर पेटला तर तोरणमाळवर विझवायला पाणी आणि माणूस कुठून आणणार? आंबा, मोह, चारोळी, आवळा हीच तिथली शोभा आहे. कुमाऊंतले लोक चीडच्या मधोमध बांज परत आणायला धडपडताहेत आणि आपण उलट वाटेने का जायचं?

साक्रीवाला

राम राम मंडई. तुमनं म्हननं बठ्ठं खरं शे, पन आपला बारीपाड्याचं नाव अजून कसं निघालं नाही?

आमच्या साक्री तालुक्यातलं आदिवासी गाव. १९९० च्या दशकात तिथला डोंगर उघडा पडला होता, विहिरी आटल्या होत्या. चैत्राम पवारांनी गाव गोळा केलं, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी केली, उतारावर चर खणले, बंधारे घातले. गावाने राखलेलं जंगल ४०० हेक्टरांहून जास्त आहे. नवीन झाडं आणून लावण्यापेक्षा जी बुंध्याला जिवंत होती त्यांना वाढू दिलं, त्यामुळे जंगल आपसूक मिश्र झालं. दरवर्षी वनभाजी महोत्सव भरतो, बायका रानभाज्या रांधून आणतात. चैत्रामभाऊंना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. ज्या गावाला उन्हाळ्यात पाणी नव्हतं तिथे लोक भात घेतात. म्हणून तिथून माणूस बाहेर जायचं कमी झालं. अक्राणीकर दादांच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे दिसतं. पाणी आलं की माणूस थांबतो, माणूस थांबला की आग आवरते.

निवृत्त_वनपाल

बारीपाड्याला मी गेलो आहे. साक्रीवाल्यांशी सहमत.

अक्राणीकर, स्थलांतराचा मुद्दा मान्य, आणि जाळरेषेसाठी गावाला विचारायचंही. पण एका गोष्टीवर मी ठाम आहे. आग शून्यावर आणायची या हट्टाने पाचोळा दहा वर्षं साठू दिला, तर अकराव्या वर्षी जी आग लागते ती सागालाही सोडत नाही. अमेरिकेत हाच हट्ट शंभर वर्षं केला. १९३५ पासून तर दिसलेली आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत विझवायचीच, असं धोरणच होतं. आता तिथे स्वतःहून थोडी थोडी आग लावतात, आणि कॅलिफोर्नियातल्या कारुक, युरोक या मूळ रहिवासी जमातींची आग लावायची रीत पुन्हा मान्य झाली आहे. म्हणून गवत कापणं जमेल तिथे कापा. दरीत, कड्यावर, जिथे विळा पोचत नाही, तिथे पट्ट्यापट्ट्याने जानेवारीत हलकी आग, दरवर्षी वेगळा पट्टा. अंजनाची कोवळी रोपं असलेली जागा मात्र सोडून.

यावलकर_केळीवाला

मी डोंगराच्या पायथ्याशी केळी लावतो. आमच्या विहिरींचं पाणी वरच्या नाल्यांतून येतं. डोंगर जळाला की पहिल्या पावसात नाला काळा गाळ घेऊन येतो आणि पाझर बुजतो. म्हणून हा विषय खालच्या शेतकऱ्यांचाही आहे. आम्ही काही जण मिळून वरच्या पाड्यांतल्या फायर वॉचरच्या हंगामाच्या मजुरीत भर घालायला तयार आहोत. कसं करायचं ते सांगा.

गोमाईकाठ

केळीवाले दादा, तुमच्या एका पोस्टने धाग्याचं चीज झालं. मजुरीची भर गावच्या वनहक्क समितीच्या खात्यात जावी, म्हणजे हिशेब ग्रामसभेसमोर राहील. पायथ्याच्या गावांनी आणि वरच्या पाड्यांनी मिळून होळीच्या आधी एक बैठक घ्यावी असं सुचवतो, कारण तेव्हा लोक घरी येतात. नाना, तुम्ही याल का? पट्टे कुठे पाडायचे ते नकाशावर दाखवायला तुमच्याइतका जाणता माणूस नाही.

आणि ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: डेहराडूनचं भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहावरून आगीच्या जागा टिपून मोबाईलवर संदेश पाठवतं. त्यांच्या संकेतस्थळावर आपला जिल्हा निवडून कुणालाही नाव नोंदवता येतं. प्रत्येक पाड्यातल्या एका तरी पोराने नोंदवावं.

निवृत्त_वनपाल

येतो. गुडघे साथ देतील तिथवर डोंगरही चढतो.

अक्राणीकर

बैठक आमच्याकडे ठेवा, जेवणाची सोय पाड्यावर होईल. नोंदणी मी आजच करतो. पण आमच्या तीन पाड्यांत रेंज फक्त टेकडीवर येते, तर संदेश आला की पुढे सांगायला एक माणूस ठरवावा लागेल. ते बैठकीत बघू.

नाना, यंदा आमच्या बाजूच्या अंजनांना शेंगा चांगल्या धरल्या आहेत. एप्रिल-मेमध्ये पिकतील. ज्यांना बांधावर लावायला बी हवं त्यांनी इथे लिहा, ताजं बी लवकर उगवतं. झाडाखाली पडेल तेवढं मात्र आम्ही वेचणार नाही. तो पट्टा चराईला बंद करायचा ठराव पुढच्या ग्रामसभेत ठेवतोय.